न हलणारा हंस

मी आयुष्यभर फोटो काढून पोट भरलं, आणि पक्ष्याचा म्हणून जो एकच धड फोटो माझ्या हातून निघाला तो थर्माकोलच्या हंसाचा आहे. तो थर्माकोलचा आहे हे फोटो काढताना मला माहीत नव्हतं. एवढंच असतं तरी चाललं असतं. आमच्या खाडीत इतकं काय काय तरंगत असतं की कोणाचीही गफलत होईल. पण त्या हंसाची मान मी स्वतः चिकटवलेली होती.

तेव्हा आम्ही डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या जागेत राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे, आई घर सांभाळायची, आणि अप्पांची धाकटी बहीण सुधाआत्या शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात आम्हा तिघांना सांभाळायची. तिने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "मुलं शाळेत भेटतात तेवढी पुरेत, आणि नवऱ्यासारखा कुरकुरायला दादा आहेच." आमच्या घराचे आवाज सांगायचे तर सकाळी स्टोचा भर्र, मग पाणी गेल्यावर नळाने टाकलेला सुस्कारा, मग अप्पांचं खाकरणं, आणि श्रावण लागला की थर्माकोलचं किंचाळणं. गणपतीचं मखर आत्या घरीच करायची. तापलेल्या तारेने थर्माकोल कापलं की नुसतं फस्स होतं, त्याचं काही नाही. पण कडा घासायला घेतल्या की जो आवाज निघतो, त्याने अप्पांचे दात शिवशिवायचे. ते ताट घेऊन गॅलरीत जायचे आणि तिथून ओरडायचे, "सुधे, गणपती यायच्या आधी माझ्या बत्तिशीचं विसर्जन होईल!" आत्या आतून म्हणायची, "होऊ दे, कवळी करून देते. पांढरीशुभ्र होईल, आणि वजनाला हलकी."

त्या वर्षी तिने सरोवर केलेलं. मागे डोंगर, मध्ये कमळं आणि पुढ्यात एक हंस, अगदी खऱ्या हंसाएवढा. खरा हंस आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता, पण आत्या म्हणाली एवढाच असतो, म्हणजे एवढाच. गणपती बसायच्या आदल्या दिवशी दिव्यांच्या माळेची वायर ओढताना मी त्याची मान मोडली. आत्या फुलं आणायला गेलेली. मी मानेत उदबत्तीची काडी खुपसली, भरपूर गोंद ओतला, आणि वरून अप्पांच्या हत्यारांच्या डब्यातली, वायरला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी फिरवली. आत्या आली, चष्मा वर करून बघत राहिली. "दिगू, हा हंस आहे की पाळलेला कुत्रा? पट्टा कसला बांधलायस?" पण वेळ नव्हता. तिने दोन कमळं पुढे सरकवून पट्टा झाकला आणि मला बजावलं, "विसर्जन झालं की हा माळ्यावर ठेवायचा. पुढच्या वर्षी मान नवी करीन." मी हो म्हटलं. मग गौरी-गणपती झाले, मोदक झाले, पुरणपोळ्या झाल्या, आणि मखराचं गाठोडं बांधून निर्माल्याबरोबर खाडीत सोडून यायचं काम माझ्यावर आलं. तेव्हा सगळेच सोडायचे, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. मी जुन्या चादरीत सगळं सरोवर गुंडाळलं, डोंगर, कमळं आणि अर्थातच हंसही, आणि रेतीबंदरावरून पाण्यात ढकलून दिलं. माळ्याचं मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते थेट ठाण्याला, नौपाड्यात, भरल्या सभेत. पण त्याला अवकाश आहे.

कॅमेरा मामाचा होता. मामाचं विठ्ठलवाडीला औषधाचं दुकान. मूळचा फलटणकडचा, मोजकं बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाला "जेवणानंतर" एवढंच सांगायचा, पण अशा आवाजात की जेवण झाल्याशिवाय त्याची गोळी घ्यायची कोणाची छाती नसे. मी तेव्हा नापास होऊन घरी बसलो होतो आणि बसण्यातही विशेष प्रगती नव्हती. मामाला काउंटरवर घरचा माणूस हवा होता. मला मात्र फोटोग्राफर व्हायचं होतं. हे मी घरी पहिल्यांदा बोललो तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त थापण्याचा आवाज वाढला. शेवटी अप्पांनी तह केला. नौपाड्यातल्या एका वाचनालयात दर हिवाळ्यात फोटोंचं प्रदर्शन भरायचं, त्या वर्षीचा विषय 'आपली खाडी' असा होता. अप्पा म्हणाले, "नंबर आला तर फोटो. नाही आला तर औषधं. मध्ये तिसरं काही नाही." मामाने मान हलवली आणि आपला जुना कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. गंमत बघा, मला दुकानात ओढणाराच मला पळून जायला सायकल देत होता.

त्या कॅमेऱ्याचं एक वैशिष्ट्य होतं. बघायची खिडकी वरच्या अंगाला, भिंग खाली. त्यामुळे आपल्याला दिसतं एक आणि फिल्मवर उमटतं दुसरं. जवळच्या माणसाचा फोटो काढला की डोकं हमखास जायचं. आमच्या घरच्या त्या काळातल्या सगळ्या फोटोंत माणसं साडी किंवा शर्ट यांवरून ओळखावी लागतात. लांबचं नीट यायचं, पण फार बारीक. मी रोज पहाटे उठून खाडीवर जायचो, खंड्या, पाणकावळे, घारी असे एकेक टिपायचो, आणि फोटो धुऊन आले की अप्पा पंचांग वाचायचं बहिर्गोल भिंग घेऊन बसायचे. "यात पक्षी कुठे आहे?" "हा काय, अप्पा. हा ठिपका." "आणि हा?" "तो डाग आहे." मग ते भिंग पुसत म्हणायचे, "डाग जास्त चांगला आलाय." एकदा मी भरून आलेल्या आभाळाचा फोटो काढला. खाडीवर भला थोरला काळा ढग ओणवलेला, खाली रेतीच्या होड्या बारीक होऊन गेलेल्या. आत्याला तो इतका आवडला की ती शाळेत दाखवायला नेणार होती. आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, "हा दिगूचा अंगठा आहे." आणि होता. आता माझ्या खिशातला फोन माणसांचे चेहरे आपोआप ओळखतो. पण अंगठा मी त्यातही आणतो, कला अशी सुटत नाही.

खाडीवर माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं, मोठागावचे धर्मानाना. त्यांची होडी लोकांना पलीकडे माणकोलीला सोडायची. आता तिथून मोठा पूल गेलाय आणि गाड्या डोळ्याचं पातं लवायच्या आत खाडी ओलांडतात. तेव्हा नाना, वल्हं, आणि नानांची बडबड, एवढंच वाहन होतं. त्यांनी नुकतीच होडी रंगवली होती, निळी आणि पिवळी, आणि त्या होडीसकट आपला फोटो निघावा ही त्यांची एकच इच्छा होती. मी टाळायचो. रोल पक्ष्यांसाठी राखून ठेवलेला. नाना चिडायचे. "बगल्यांचे फोटू कारतंस, ते तुला वलखतान का? मी वलखतंव, तर माजा नाय!" बगळे मला ओळखायचे, ही खरी अडचण होती. मी दिसलो की उडायचे.

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, प्रदर्शन तोंडावर आलं आणि माझ्याकडे दाखवायला ठिपके आणि अंगठा. अशात एका सकाळी मी वर्तमानपत्रातली भरती-ओहोटीची वेळ बघून निघालो. पाणी उतरलेलं असणार, चिखल उघडा पडलेला असणार, पक्षी चरायला आलेले असणार. धुकं दाटलेलं. तिवरांच्या कडेला, चिखलाच्या उंचवट्यावर, काहीतरी मोठं पांढरं होतं. बगळ्याहून कितीतरी मोठं. अंग फुगवलेलं, मान सुरेख मागे वळवून पाठीवर टेकवलेली. हंस! डोंबिवलीत!

मी वाकून निघालो. घोटाभर चिखल, मग गुडघाभर. एक चप्पल गेली. मी तिच्या मागे हात घातला तर घड्याळ गेलं. मग मी सरळ पोटावर पडलो आणि कोपरांनी सरकू लागलो, आणि निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते डोळेफुगे मासे, माझ्या तोंडासमोरून टणाटण बाजूला होऊ लागले. हंस हलला नाही. मी फोटो काढला, आणखी पुढे सरकलो. हलला नाही. आणखी एक काढला, आणखी सरकलो. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी असलं पाहिजे. जनावरांना चांगला माणूस कळतो म्हणतात. घरच्यांना इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते या पाखराला एका नजरेत कळलं, या विचाराने मला भरूनसुद्धा आलं.

भरून मलाच येत होतं असं नाही. वर्तमानपत्रातली वेळ मुंबईची होती. समुद्राचं पाणी ठाण्याला वळसा घालून आमच्याकडे पोचेपर्यंत बराच उशीर होतो म्हणून मी अंदाजाने काही तास मिळवले होते. ते जास्त झाले, आणि मी ज्याला उतरलेलं पाणी समजलो ते नुकतं चढायला लागलं होतं. पोटाखाली गार लागलं तेव्हा मी उठायला गेलो आणि मांडीपर्यंत खाली गेलो. कॅमेरा डोक्यावर धरला. तेवढ्यात धुक्यातून निळी-पिवळी होडी आली.

"कोन रं त्यो? निवट्या धराला आलास का मराला?"

"नाना, हळू बोला!" मी कुजबुजलो. "उडून जाईल!"

नानांनी हंसाकडे बघितलं. वल्हं थांबवलं. आणि त्यांनीही आवाज खाली आणला. "त्यो व्हय? म्हातारा बगला हाय त्यो. त्याच्यान आता उराची ताकद नाय."

"बगळा नाही नाना, हंस आहे."

"असल. पन म्हाताराच."

तर असं आम्ही दोघं, एक चिखलात कमरेपर्यंत आणि एक होडीत, थर्माकोल बिचकू नये म्हणून कुजबुजत होतो. पाणी माझ्या पोटाला लागलं. मी म्हटलं, नाना, दोरी टाका. नाना होडीत उभे राहिले, टोपी सरळ केली, एक पाय कडेवर ठेवला. "पयला फोटू. मंग दोरी."

"नाना, मी बुडतोय!"

"मंग बिगीबिगी कार."

मी काढला. खालून वर बघत, छातीला पाणी लागलेलं असताना. मग दोरी आली. होडीत पडून मी मागे बघितलं तर भरतीच्या पाण्याने हंसाला अलगद उचललं, आणि तो मागे वळवलेली मान तशीच ठेवून डौलात धुक्यात निघून गेला. नाना कौतुकाने म्हणाले, "बग, पवतंय अजून." इतकी वर्षं झाली, मला अजून वाटतं की त्या क्षणी आम्हा दोघांपैकी एकाला तरी काहीतरी सुचायला हवं होतं.

घरी आईने मला आत घेतलंच नाही. गॅलरीत उभं करून, अप्पा सायकल धुतात तसं, वरून बादल्या ओतल्या. मग गरम कुळथाचं पिठलं, भात आणि लसणाची चटणी पुढ्यात आली आणि मी जेवता जेवता हंसाचं वर्णन केलं. मान कशी, अंग कसं, बसण्याची ढब कशी. आत्या ऐकता ऐकता खुलत गेली. "बघ दादा! मी न बघता केलेला, पण अगदी अस्साच की नाही?" अप्पांनी मान डोलावली. मीसुद्धा म्हटलं, हो आत्या, तंतोतंत.

फोटो मोठा करून घेतला. काळापांढरा, धुक्यामुळे कडा विरलेल्या, मध्ये तो शुभ्र आकार. खोटं कशाला बोलू, सुंदर आला होता. नौपाड्यातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तो मधोमध टांगला गेला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आई आली, मामा दुपारचं दुकान बंद करून आला. आत्या शाळा सुटल्यावर मागून येणार होती. परीक्षक म्हणजे एका स्थानिक साप्ताहिकात पक्ष्यांवर लिहिणारे गृहस्थ, खांद्यावर झोळी, हातात वेताची छडी. ते सगळ्यांना फोटो समजावून देत देत माझ्या हंसापाशी आले आणि तिथेच रमले. "हे पाहा भाग्य! थेट उत्तरेकडून आलेला पाहुणा. मान मागे टाकून पिसं साफ करतोय. आणि ही गळ्याभोवतीची काळी वलयरेषा नीट पाहून ठेवा. ही सर्वसामान्य हंसाला नसते." अप्पांनी भिंग काढून वलयरेषा पाहिली, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच मला औषधाचं दुकान दिसलं नाही. पहिला नंबर कोणाचा हे न सांगताच सगळ्यांना कळलं होतं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. आत्या धापा टाकत आली, गर्दीतून पुढे घुसली, फोटोसमोर उभी राहिली. चष्मा वर केला.

"दिगू," ती म्हणाली, "हा माळ्यावर होता ना?"

मला तेव्हा आठवलं. चादर, गाठोडं, रेतीबंदर, सगळं एकदम.

परीक्षक हसले. "बाई, हा पक्षी आहे. माळ्यावर कसा असेल?"

"पक्षी कसला? थर्माकोल आहे. दोन तुकडे जोडलेत, हा बघा सांधा."

"तो पंखांचा संधिप्रदेश आहे."

"सांधा आहे हो, मी घासलाय! दादाला विचारा, त्याचे दात अजून शिवशिवतात."

"आणि ही गळ्याभोवतीची रेषा? ही उगाच येते?"

"चिकटपट्टी आहे ती. वायरला लावतात ती. या मुलाने लावलीय. आणि पिसं नाही साफ करत तो, याचा गोंद सुटून मान मागे पडलीय!" मग तिचा आवाज एकदम ओला झाला. "किती सुबक मान होती रे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग बांध फुटला. परीक्षक मात्र मुरलेला गडी. त्यांनी छडी उंचावली आणि म्हणाले, "मी मघापासून याच मुद्द्याकडे येत होतो! खाडीत आता खरे पक्षी उरले नाहीत, हेच या तरुणाने किती धारदारपणे दाखवलंय." मला असं काही दाखवायचं नव्हतं, पण मी धारदार चेहरा केला. पहिला नंबर सूर्यास्ताला गेला. माझ्यासाठी 'सामाजिक संदेश' असा नवा विभाग जागच्या जागी काढण्यात आला आणि त्यात मला उत्तेजनार्थ मिळालं. त्या विभागात दुसरा कोणी नव्हता. आत्याने फोटोखालची चिठ्ठी बदलायला लावली आणि माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहून घेतलं. हंस तिचा, फोटो माझा.

बाकी त्या रोलमधलं एक वचन मी पाळलं. धर्मानानांना त्यांचा फोटो नेऊन दिला. खालून काढल्यामुळे होडी एखाद्या गलबतासारखी भव्य आलेली, पुढच्या टोकावरचं निशाणसुद्धा आलेलं, फक्त नाना गळ्यापर्यंतच होते. "माजा डोका कुठं हाय?" त्यांनी विचारलं. पण होडी पुरी आली म्हणून भिंतीवर लावला. मध्ये मी त्यांच्या घरी गेलेलो, नाना जाऊनही बरीच वर्षं झाली, त्यांची सून म्हणाली, दुसरा फोटोच नाही. तोच आहे, हार घातलेला.

प्रदर्शनाहून निघालो तेव्हा स्टेशनच्या वाटेवरच्या एका हॉटेलात अप्पांनी सगळ्यांना बटाटेवडे सांगितले आणि खटला उभा राहिला. उत्तेजनार्थ म्हणजे नंबर धरायचा की नाही? आई म्हणाली, नाव पुकारलं म्हणजे नंबरच. अप्पा म्हणाले, नंबर म्हणजे आकडा पाहिजे, उत्तेजनार्थ हा आकडा नाही. आत्या म्हणाली, आधी माझ्या हंसाचं काय ते बोला. माझं सगळं आयुष्य त्या टेबलावर, खोबऱ्याच्या चटणीच्या वाटीशेजारी पडलं होतं. शेवटी अप्पा म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. सोमवारपासून विठ्ठलवाडी." आणि मामाकडे बघितलं.

मामाने वडा संपवला. बोटं पुसली. मग तो गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "नको, दाजी. स्वतः चिकटवलेला हंस ज्याला हातभरावरून ओळखता येत नाही, तो माझ्या दुकानात सर्दीच्या माणसाला जुलाबाची गोळी देईल. फोटोच काढू दे त्याला. फोटो बिघडून अजून कोणी मेलेलं नाही."